मार्गशीर्ष ते रथसप्तमी: थंडीच्या दिवसांत घरातली श्रद्धा कशी जपायची, आमच्या घरची पद्धत

दरवर्षी कार्तिक संपत आला की मी कालनिर्णय भिंतीवरून खाली काढते आणि पेन्सिल घेऊन डायनिंग टेबलवर बसते, सोबत आमच्या आई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि त्यावेळी घरात जो कोणी सापडेल तो. मार्गशीर्षापासून रथसप्तमीपर्यंतचे दोन-सव्वादोन महिने कसे जाणार ते तिथे ठरतं. आम्ही नाशिकला राहतो, माझं माहेर निफाडकडचं, त्यामुळे थंडी म्हणजे काय ते सांगायला नको. निफाडच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा डिग्रीवर आला की ती बातमी होते, आमच्यासाठी ती रोजची पहाट असते.

मला बऱ्याच जणी विचारतात की नोकरी, मुलांची शाळा, ट्यूशन, आणि त्यात हे गुरुवार, धुंधुरमास, संक्रांत सगळं कसं जमतं. खरं सांगते, सगळं जमत नाहीच आणि आम्ही सगळं करतही नाही. जे करतो ते कसं करतो ते इथे नीट लिहून काढते, कारण माझा अनुभव असा की मुलांना नुसतं "देवाचे आभार मान" म्हणून काही होत नाही, त्यांचे हात कामात गुंतले पाहिजेत, पोटात गरम काहीतरी गेलं पाहिजे आणि ते सगळ्यांनी मिळून ठरलेल्या वेळेला झालं पाहिजे. मग आभार आपोआप तोंडात येतात.

पहिलं काम: कॅलेंडर आणि पेन्सिल

तोपर्यंत नवीन वर्षाचं कालनिर्णय पण आलेलं असतं, दोन्ही शेजारी ठेवा. आधी नुसत्या खुणा करा. मार्गशीर्षातले गुरुवार, चंपाषष्ठी, दत्तजयंती, धुंधुरमासातले रविवार, भोगी, संक्रांत, रथसप्तमी. लातूर-धाराशिवकडचे असाल तर मार्गशीर्षातली वेळ अमावस्या तर तुमच्या रक्तातच असेल, शेतात जाऊन भज्जी-आंबील, त्याची सर बाकी कशालाच नाही.

आता यातल्या फक्त चार गोष्टींना गोल करा. चारच. आमचे चार गोल म्हणजे रोजचा दिवा, गुरुवार, धुंधुरमासाचा एक रविवार आणि संक्रांत. बाकीचं झालं तर आनंदच, नाही झालं तर कोणी कोणाला बोल लावायचा नाही. आधी मी सगळंच करायला जायची आणि दत्तजयंतीपर्यंत चिडचिड इतकी व्हायची की आरती चालू असताना मी मुलांवर ओरडलेय, आणि मग त्या आरतीचा काय उपयोग.

प्रत्येक गोलासमोर नाव लिहा. दिवा कोण लावणार, फुलं कोण आणणार, वांगी कोण भाजणार. ज्याचं नाव त्याचं काम, आणि त्याने ते कसंही केलं तरी आपण परत करायचं नाही. हे मला सगळ्यात अवघड गेलं.

दुसरं: रोजचा दिवा, एकाच वेळी

आमच्याकडे संध्याकाळी सात. टीव्ही बंद, फोन उलटे ठेवलेले, दिवा लावायचा, एक श्लोक, नमस्कार, आणि मग ज्याला जे वाटतं ते एक वाक्य मनात किंवा मोठ्याने. दोन मिनिटं लागतात फक्त. जास्त ताणू नका, ताणलं की मुलं पळतात.

यातली एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, थंडीत निरांजनातलं तूप गोठतं, खोबरेल पण गोठतं, वात नुसती धुरकटते आणि विझते. त्याला उपाय म्हणजे समईत तिळाचं तेल वापरा, ते थंडीत गोठत नाही. आणि तुपाचाच दिवा हवा असेल तर फुलवाती आधीच पातळ तुपात बुडवून ताटलीत मांडून गार होऊ द्या, घट्ट झाल्या की डब्यात भरून ठेवा, रोज एक काढायची आणि निरांजनात ठेवून पेटवायची, गोठलेलं तूप वातीच्या भोवतीच असल्यामुळे हळूहळू वितळत जातं आणि दिवा नीट जळतो.

हे मला आईंकडून कळलं आणि ज्या दिवशी कळलं तो दिवस मी विसरणार नाही. तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षातच आमचे बाबा, म्हणजे सासरे गेले. तेरावं झालं, घरातली पूजा परत सुरू झाली पण आई देवघराकडे फिरकायच्या नाहीत. पन्नास वर्षं रोज पूजा केलेली बाई, मला म्हणाल्या, "मला नाही गं हात जोडावासा वाटत." मी काही बोलले नाही. मोठी तेव्हा सहावीत होती, ती म्हणाली मी लावते दिवा. रोज लावायची आणि रोज तो विझायचा, कारण तूप गोठलेलं. काडेपेटीच्या काड्या संपत आल्या होत्या. असंच एका संध्याकाळी ती चौथी काडी ओढत होती आणि आई आतून उठून आल्या, तिच्या हातातून निरांजन घेतलं, म्हणाल्या "अगं असं नाही, आण तो फुलवातीचा डबा", आणि तिथेच खाली बसून गॅसवर तूप पातळ करायला लावून तिला पंचवीस-तीस वाती बुडवून दाखवल्या. त्यातली पहिली त्यांनीच लावली. हात जोडले की नाही ते मी पाहिलं नाही, मी स्वयंपाकघरात गेले होते कारण मला रडू आवरत नव्हतं.

म्हणून सांगते, घरात कोणाची श्रद्धा डळमळली असेल तर समजवायला जाऊ नका. दिवा चालू ठेवा, बस. दुसऱ्या कोणीतरी लावा.

तिसरं: मार्गशीर्षातले गुरुवार

चौरंग किंवा पाट, त्यावर तांदूळ, कलश, कलशात पाणी, सुपारी, नाणं, वर विड्याची किंवा आंब्याची पानं आणि नारळ. पाच फळं मिळाली तर ठेवा, नाहीतर दोन केळी सुद्धा देवीला चालतात. कहाणी वाचायचं काम मुलांना द्या. आमचा धाकटा तिसरीत आहे, अडखळत वाचतो, अर्धा तास लागतो, लागू दे. त्याच्या तोंडून ऐकताना मला ती कहाणी पहिल्यांदा समजली असं वाटलं, राणी श्रीमंतीत देवीला विसरते आणि मग सगळं जातं, एवढंच तर आहे त्यात.

उपासाचं म्हणाल तर ज्यांना शुगर किंवा बीपीच्या गोळ्या आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसभर उपाशी राहू नका. आमच्या आई एक वेळ जेवून करतात, देवी रागावलेली नाही.

आणि आता उद्यापनाच्या हळदी-कुंकवाबद्दल, हे मी मनापासून लिहितेय. शेवटच्या गुरुवारी बायकांना बोलावून हळदी-कुंकू, फळ, काहीतरी भेटवस्तू देतात. बाबा गेल्यावर पुढच्या वर्षी मी यादी करायला बसले आणि लक्षात आलं की या यादीत माझ्याच घरातल्या आई बसत नाहीत. ज्यांनी मला हे व्रत शिकवलं त्या आतल्या खोलीत बसणार. मी त्या दिवशी ठरवलं की आमच्याकडे सगळ्यांना बोलवायचं, नवरा असलेल्या, नसलेल्या, लग्न न झालेल्या, सगळ्या, आणि पहिलं कुंकू आईंना. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, नंतर राज्य सरकारने पण बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. एक गाव करू शकतं तर एक घर का नाही. आई आधी नको नको म्हणाल्या, मग मीच लावलं. दोन बायका आल्या नाहीत त्यावर्षी. यंदा त्यातली एक आली.

तुम्हाला हे करायचं असेल तर ऐनवेळी करू नका, ज्या बाईला बोलवायचं आहे तिला आधी एकटीला विचारा, तिची तयारी आहे का. चारचौघांत अचानक कुंकवाचा करंडा पुढे केला तर ती बिचारी अवघडते.

चौथं: धुंधुरमासाचं जेवण, एक रविवार

हे मला सगळ्यात प्रिय, म्हणून सविस्तर. सूर्य धनु राशीत असतो तो महिना म्हणजे धुंधुरमास, साधारण 16 डिसेंबर ते 13 जानेवारी. पहाटे उठून स्वयंपाक करायचा, सूर्य उगवताना नैवेद्य दाखवायचा आणि तिथेच गरमागरम जेवायचं. पूर्वी महिनाभर करायचे, आता एक रविवार धरला तरी खूप आहे.

आदल्या रात्रीची तयारी सगळ्यात महत्त्वाची. तांदूळ आणि मूगडाळ मोजून ठेवा, सहा जणांना 2 वाट्या तांदूळ आणि दीड वाटी डाळ भरपूर होते. भरताची 2 मोठी वांगी. पावटे किंवा वालपापडीचे दाणे सोलून ठेवा, सोलायला मुलांना बसवा. ताक, लोणी. बाजरीचं पीठ ताजंच दळून आणलेलं असू द्या, बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट व्हायला लागतं आणि मग कितीही लोणी लावा, भाकरी घशाखाली उतरत नाही. आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्चीची किल्ली रात्रीच मागून ठेवा, पहाटे सहाला सेक्रेटरींची बेल वाजवायला बरं वाटत नाही.

आपल्याकडे त्या दिवसांत सूर्य सात ते सव्वासातच्या दरम्यान उगवतो, म्हणजे सव्वापाचचा अलार्म पुरतो. आंघोळ करून खिचडी टाकायची, फोडणीत जिरं, मिरे, हिंग, हळद, तांदूळ-डाळ परतून दोन्ही मिळून जेवढं आहे त्याच्या अडीचपट कढत पाणी, वर ओलं खोबरं. दुसऱ्या गॅसवर वांगी, तेलाचा हात लावून आणि सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचून, नाहीतर फुटतात. वांगी आमच्याकडे "हे" भाजतात, गेली चार वर्षं तेच त्यांचं काम आहे आणि आता त्यांच्यासारखी कोणाला जमत नाहीत.

भाकरी आईंची. पिठात कोमट पाणी घालून एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं, तळहाताच्या टाचेने रगडून रगडून, कडा फाटायच्या थांबेपर्यंत, कारण बाजरीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. वरून तीळ लावून थापायची, तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात, पाणी सुकत आलं की उलटायची आणि मग थेट जाळावर. फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटला की आत लोण्याचा गोळा.

सगळं घेऊन गच्चीवर. पूर्वेकडे पाट, छोटी रांगोळी (धाकट्याचं काम), केळीच्या पानावर नैवेद्य, सूर्याला अर्घ्य. तांबडं फुटत असतं, हात गारठलेले असतात, खिचडीची वाफ त्या गार हवेत सरळ वर जाते, आणि त्यावेळी कोणाला हात जोड म्हणून सांगावं लागत नाही.

बाबा गेले त्या डिसेंबरात धाकट्याने सवयीने सहा ताटं मांडली. मोजताना त्याच्या लक्षात आलं आणि तो एक उचलायला लागला. आई म्हणाल्या "राहू दे." मग त्या ताटाचं काय करायचं हे कोणालाच सुचेना, तेवढ्यात आमचे रात्रपाळीचे वॉचमन काका सात वाजता सुटून सायकल काढत होते, ह्यांनी गच्चीवरूनच हाक मारली. काका लाजत लाजत आले, बसले, दोन भाकरी खाल्ल्या, म्हणाले गावाकडे असंच करायचे. तेव्हापासून सहावं ताट त्यांचं. तुम्हीही एक ताट जास्त मांडा, आणि कोणाला बोलवायचं ते आदल्या रात्री ठरवा.

मोठी मुलं उठत नाहीत ही सगळ्यांची तक्रार असते. आमची मोठी पण एका वर्षी तोंड फुगवून आली, शाल डोक्यावरून घेऊन कोपऱ्यात बसली. कोणी काही म्हटलं नाही, ताट दिलं. आता नववीत आहे, अलार्म तिचाच असतो.

पाचवं: हात मोजायचे

जेवण सुरू करायच्या आधी आमच्याकडे हात मोजतात. ताटातला एक पदार्थ घ्यायचा आणि तो इथपर्यंत यायला कोणाकोणाचे हात लागले ते सांगायचं. भाकरी घेतली तर पेरणारे, कणसं खुडणारे, मळणारे, टेम्पोवाले, दुकानदार, गिरणीवाले दादा, आजी. नियम दोनच: कोणी चुकलं तरी दुरुस्त करायचं नाही, आणि दोन मिनिटांत संपवायचं कारण भाकरी गार होते.

मुलांना यातून जे कळतं ते मी सांगून कळलं नसतं. माझ्या भावाची द्राक्षबाग आहे. कडाका पडला की तो रात्री दोन-तीनला उठून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतो, धूर करतो, पहाटे ठिबकने पाणी सोडतो, कारण विहिरीचं पाणी त्या हवेपेक्षा गरम असतं आणि मुळांना तेवढीच ऊब. नाहीतर मण्यांची वाढ थांबते, फुगायला आलेल्या मण्यांना तडे जातात. एका जानेवारीत मुलं आजोळी होती, मामाबरोबर रात्री बागेत गेली, कपड्याला धुराचा वास घेऊन परत आली. धाकटा नंतर द्राक्षं खाताना म्हणाला, "मामाची झोप आहे यात." मी काय शिकवणार त्याला अजून.

तसंच गुळाचं, साखरेचं. थंडीत ऊसतोडीचा हंगाम जोरात असतो, बीडकडची कितीतरी कुटुंबं पोराबाळांसकट कारखान्यांच्या भागात पालं ठोकून राहतात, पहाटे या थंडीत उसाच्या फडात असतात. संक्रांतीचा गूळ हातात घेताना मुलांना हे माहीत असलं पाहिजे. वाटेत अशी वस्ती लागत असेल तर चांगल्या अवस्थेतले स्वेटर, कानटोप्या, पायमोजे धुऊन, इस्त्री करून द्या. फाटकं देऊ नका, ते देणं नव्हे.

सहावं: भोगी आणि संक्रांत

भोगीला तीळ लावून न्हायचं, आणि मिक्स भाजी: हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, घेवडा, गाजर, वांगं, बोरं, उसाचे तुकडे, शेंगदाणे, वरून तिळाचं कूट. "न खाई भोगी तो सदा रोगी" म्हणतात. या भाजीत जे जे पडतं ते सगळं त्याच दिवसांत शेतातून आलेलं, म्हणून हात मोजायला हा दिवस सगळ्यात भारी, फक्त यादी फार लांबते.

तिळगुळाचं प्रमाण: पाव किलो तीळ खमंग भाजून, पाव किलो चिक्कीचा गूळ, अर्धी वाटी दाण्याचं जाडसर कूट, मूठभर डाळं, चमचाभर तूप, वेलची-जायफळ. गूळ तुपात वितळवून मंद आचेवर ठेवा, पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघा, बोटांनी वळली जाणारी गोळी झाली की गॅस बंद, लगेच सगळं मिसळा आणि हाताला तूप किंवा पाणी लावून पटापट वळा. छोटे तीस-पस्तीस होतात. सुरुवातीचे लाडू मोठ्यांनीच वळा, पाक भयंकर पोळतो.

वाटायची यादी आधी करा. दूधवाले, घंटागाडीवरच्या ताई, रिक्षावाले काका, शाळेच्या मावशी, औषधाच्या दुकानातला मुलगा. मुलांनी स्वतः जाऊन, नाव घेऊन, हातात द्यायचा. बोरन्हाण, हळदी-कुंकू, वाण हे सगळं रथसप्तमीपर्यंत सवडीने होतं, त्याची घाई नको.

यादीत एक नाव असं ठेवा ज्यांच्याशी बोलणं बंद आहे. आमचं एका जवळच्या घराशी जागेवरून फाटलं होतं. कसं जायचं ते सांगते: फोन करून जाऊ नका, फोनवर टाळता येतं. दोघंच जा, मुलांना पुढे करू नका. लाडू हातात द्या, "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणा, वाकून नमस्कार करा. जुना विषय काढू नका आणि त्यांनी काढला तरी "आज नको, आज सण आहे" एवढंच. आमच्यासाठी पहिल्या वर्षी दार उघडलं, लाडू घेतला, आत या म्हणाले नाहीत. जिना उतरताना मी हमसून रडले. दुसऱ्या वर्षी चहा झाला.

घरात दुःख असेल तर

बाबा गेले त्या वर्षी आम्ही सण केला नाही, तिळगूळ केला नाही. आमच्यात वर्षभर तशी पद्धत आहे. पण तरी काय चालू ठेवायचं ते ठरवलं होतं: दिवा, हात मोजणं, आणि तो एक रविवार साध्या खिचडी-भाकरीचा. संक्रांतीला शेजारच्या काकू वाटीभर तिळगूळ घेऊन आल्या, आईंच्या हातावर एक लाडू ठेवला, आणि काही न बोलता तासभर नुसत्या शेजारी बसून राहिल्या. तुमच्या बिल्डिंगमध्ये असं घर असेल तर "त्यांच्याकडे यंदा सण नाही" म्हणून टाळू नका, जा. त्यांच्याकडे सण नसतो तेव्हाच आपण जायचं असतं.

शेवटी रथसप्तमी

माघ शुद्ध सप्तमी. पाटावर किंवा ताम्हनात रक्तचंदनाने सूर्य काढायचा, सात घोडे जमले तर जमले. अंगणात गोवरीवर बोळक्यात दूध उतू घालायचं. अंगण नसेल तर जुन्या लोखंडी तव्यात गोवरीचे दोन तुकडे, कापूर, त्यावर संक्रांतीच्या सुगडातलंच एक, आणि हे सगळं गॅलरीत, पडदे बांधून घेऊन, शेजारी पाण्याची बादली ठेवून. दूध अर्ध्याच्या वर भरा नाहीतर उतू जायला फार वेळ लागतो आणि गोवरी विझते.

ज्या दिशेला उतू जाईल तिकडे सुगी चांगली असं आई म्हणतात. गेल्या वर्षी आम्ही पाचही जण त्या एवढ्याशा गॅलरीत गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो, धुराने डोळे चुरचुरत होते, धाकटा "येतंय येतंय" करत होता. साय वर आली, फुगली, आणि दूध निफाडच्या बाजूने सांडलं. मोठीने लगेच मामाला फोन लावला.